शिक्राचा खर्ज

सोमवार, ६ जानेवारी २०२५

विश्वजीतने आज केबिनमध्ये बोलावून स्वतःच्या हाताने चहा ओतला. तेव्हाच समजलो, काहीतरी वाईट आहे. तो माझ्याहून तेरा वर्षांनी लहान आणि माझा साहेब. एरवी पाणीसुद्धा विचारत नाही.

शिक्रा बंद करण्याचं घाटत आहे. अठ्ठावीस फेब्रुवारीला समितीपुढे विषय येईल. ती का चालू ठेवावी, हे तोपर्यंत मी मांडायचं. "दामले, शेवटी ती तुमचीच गाडी आहे," असं म्हणाला. सांत्वनाला गेल्यावर बोलतात त्या सुरात.

माझी म्हणजे काय, तर शिक्राचं चित्र दुसऱ्याने काढलं, इंजिन तिसऱ्याने बसवलं, पण आवाज माझा. गेली एकोणतीस वर्षं मी या कंपनीत गाड्यांचे आवाज लावतो. दार मिटल्यावर कसं वाजावं, काच वर जाताना किती कुरकुरावी, हे माझ्या कानावरून ठरतं. बाकीच्या गाड्यांत माझं काम आवाज मारण्याचं. शिक्रा ही आमची एकुलती एक दोन दारांची, बुटकी, पळायला बनवलेली गाडी. तिच्यात मात्र आवाज आणायला सांगितलं होतं. इंजिनाचा आवाज आत आणणारी एक नळी असते. ती मी सहा वेळा रुंद करून घेतली, तेव्हा कुठे मनासारखा खर्ज लागला. एवढ्या नोकरीत हे एकच काम मी माझं म्हणून केलं. ते पुसलं गेलं तर मी इथे केलं काय?

ही वही त्यासाठीच घेतली. कोण काय बोललं ते लिहून ठेवतो. नंतर शब्द फिरवायला लोक तयारच असतात.

गुरुवार, ९ जानेवारी

विश्वजीतची कारणं. तीन वर्षांत दोन हजारही खपल्या नाहीत. धुराचे नियम बदलले की इंजिनाची तपासणी पुन्हा करावी लागते, आणि तिचा खर्च दोन हजार गाड्यांना तेवढाच जेवढा दोन लाखांना. चाकणच्या लाइनवर तिची जागा उंच गाडीला हवी आहे. लोकांनाही उंचच गाडी हवी, कारण रस्ते तसे आहेत आणि आईवडील मागे बसतात. बुटक्या, दोन दारांच्या गाडीत सासूबाईंना मागे सरकवायचं म्हणजे घरात आठवडाभर अबोला. हे सगळं मला मान्य आहे. असल्या गाड्या सगळीकडे अशाच मरतात. वाखाणतात सगळे, आणि विकत दुसरीच घेतात.

पण एक आकडा विचित्र आहे. आमची कुठलीही गाडी गिऱ्हाइकाने एकदा चालवून बघितली की घेण्याची शक्यता वाढते. शिक्राचं उलटं. पोरं वर्षभर तिचे फोटो साठवून शोरूमला येतात, अर्धा तास चालवतात, चावी परत देतात आणि निघून जातात. का, ते कुणी धड सांगत नाही. "बघू", "घरी विचारतो". विकणारी माणसं नालायक आहेत, दुसरं काय. मी स्वतः मालकांना भेटणार आहे.

बुधवार, १५ जानेवारी

सकाळी दाढी करताना खाली शिक्रा सुरू असल्याचा आवाज आला. माझी ओळखण्यात चूक होणं शक्य नाही. उभ्या गाडीचा तो मंद खर्ज मीच लावलेला आहे. सोसायटीत कुणीतरी शिक्रा घेतली म्हणून इतका आनंद झाला की अर्धी दाढी तशीच ठेवून खाली गेलो. पार्किंगमध्ये शिक्रा नव्हती. आमचे वॉचमन बाबुराव म्हणाले, शाळेच्या व्हॅनशिवाय सकाळपासून काही आलं नाही. आवाज तिथेही येत होता, कुंपणाच्या भिंतीपलीकडून आल्यासारखा. भिंतीपलीकडे नाला आहे.

निशाला सांगितलं. ती बायको म्हणून फार प्रश्न विचारणारी आहे, पण आज डबा उचलून सरळ बँकेत निघून गेली.

शनिवार, १८ जानेवारी

कोंढव्याला जुनेदकडे गेलो होतो. पहिल्या पन्नास मालकांतला. सात महिन्यांत गाडी विकून टाकली त्याने. पोरगा गाड्यांचा खरा दर्दी, भिंतीवर शिक्राचं पोस्टर अजून आहे. मग विकली का? म्हणाला, अम्मी बसत नव्हती. एकदाच बसली आणि उतरल्यावर म्हणाली की छातीवर कुणीतरी पाय देऊन उभं होतं.

आयांचं काय, त्यांना चारचाकीत मळमळतंच. असं मी म्हटलं, तर जुनेद म्हणाला, "सर, हसू नका. मी एकटा असलो आणि गाडी सत्तरला गेली की मला वाटायचं, मागच्या सीटवर कोणीतरी बसलंय. मी आरशात बघायचो. मग मान वळवून बघायचो. एकदा तर हायवेला थांबवली आणि उतरून बघितलं, सच्ची."

इंजिनियर झालेला मुलगा आहे. काय बोलायचं.

गुरुवार, २३ जानेवारी

घरून काम. अकराला वीज गेली ती अडीचला आली. लिफ्ट बंद, पंप बंद, पंखे बंद, समोरच्या बांधकामावरचं मिक्सरही बंद. सगळी इमारत शांत झाली आणि तो आवाज तेवढा राहिला. उलट जास्त भरीव झाला. भिंतीला तळवा लावून बघितला, जमिनीला लावून बघितला. भिंत थरथरत नव्हती. जमीनही नाही. मग घरात एका जागी उभं राहवेना. जिन्याने सहा मजले उतरून गेलो आणि बाबुरावांच्या शेजारी खुर्चीवर बसून राहिलो. ते मोबाइलवर भजन ऐकत होते. तुम्हाला गाडी सुरू असलेली ऐकू येते का, विचारलं. त्यांनी भजन बंद केलं, कान देऊन ऐकलं आणि नाही म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून हो म्हणाले असते तरी चाललं असतं.

शनिवार, १ फेब्रुवारी

मांजरीला दत्तोबांकडे गेलो. त्यांची जमीन रस्त्यात गेली, त्या पैशातून मुलाला, ऋषीला, त्यांनी लाल शिक्रा घेऊन दिली. गाडी दीड वर्षं गोठ्याच्या मागे आच्छादनाखाली उभी आहे. अकराशे किलोमीटर फक्त चाललेली. पुढच्या बंपरला लिंबू-मिरची सगळेच बांधतात. हिच्या चारही चाकांना काळा दोरा होता आणि बॉनेटवर वाळलेल्या कुंकवाचे हात उठलेले होते.

ऋषी समोर आलाच नाही. दत्तोबांनी चहा दिला आणि हळूच सांगितलं.

"साहेब, गाडी चांगली हाय. पण तिच्यात कायतरी हाय. बसलं की पोटात फिरतंय. मंडळी बसली, ती रडायलाच लागली, कारण काय तर म्हणं ठावं न्हाय. कुत्रं जवळ जात न्हाय. देवऋषी आणला दोनदा. तो बी म्हणला, विका."

मी समजावून सांगितलं की कारखान्यात माझ्यासमोर बनलेली गाडी आहे, तिच्यात लोखंड आणि रबर याशिवाय काहीही नाही. दत्तोबांनी मान डोलावली. गाडी चालू करून दाखवा म्हटलं तर चावी माझ्या हातात दिली आणि स्वतः वीस पावलं लांब, कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिले. मी आत बसून दहा मिनिटं इंजिन फिरवलं. इतका सुंदर आवाज, आणि त्याला दोरे बांधताहेत. उलट मला वाटलं की अजून किंचित भरदार असायला हवा होता.

उतरताना पायाखालची जमीन एकदम एका बाजूला कलली. दाराला धरून उभा राहिलो. उन्हाचं असेल. फेब्रुवारीतच इतकं ऊन.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

मीटिंगमध्ये लक्षात आलं, ऑफिसातले सगळे पुरुष हल्ली किनरं बोलतात. विश्वजीतचा तर आवाजच उतरला आहे. त्याला म्हटलं, घशाचं बघा. तो म्हणाला, घसा ठणठणीत आहे, तुमचं कसं चाललंय? हा प्रश्न आजकाल सगळेच विचारतात.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

समितीला आकड्यांशिवाय काही पटत नाही, म्हणून नाइलाजाने अरिबाला बोलावलं. तीन वर्षांपूर्वी ती माझ्या हाताखाली होती. शिक्राचा आवाज मी पक्का केला त्या आठवड्यात ती माइकने मोजलेला आलेख घेऊन आली होती. सत्तरच्या वेगाला तळाच्या आवाजात एक डोंगर उभा राहिलेला. "सर, हे जास्त आहे, माणसाला सोसणार नाही," म्हणाली. मी म्हटलं, गाडी माइकला विकायची नाही. सगळे हसले होते. पुढे मीच तिची दारांच्या रबराच्या कामावर बदली केली. शिक्षा म्हणून नव्हे; तिला बारीकसारीक कामं चांगली जमतात.

आज दोघं चाचणीच्या गाडीतून खराडीहून बायपासला गेलो. सत्तरला पोचलो तसा तिने एक हात डॅशबोर्डवर टेकवला आणि दुसरा छातीवर. ओठ पांढरे झाले होते.

"सर, आता तुम्हाला काय ऐकू येतंय?"

"टायर. वारा. आणि आपला खर्ज, पण थोडा कमीच. ही गाडी जुनी झाली."

उतरल्यावर ती बराच वेळ कठड्यावर बसली. मग म्हणाली की सर, एकदा कान तपासून घ्या. सगळ्यांनीच घ्यावेत, वर्षातून एकदा, असं पुढे जोडलं. माझ्या कानांवर हिचा पगार निघाला आणि मलाच शिकवते. फार राग आला. घरी येऊन निशाला सांगितलं तर तीही तिचीच बाजू घेऊन बसली.

बुधवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंती. सुट्टी, म्हणून निशाबरोबर शनिवार पेठेत तिच्या भावाकडे. गच्चीवरून मिरवणूक बघितली. मी बावीस वर्षं पथकात ढोल वाजवला आहे, कानात कापसाचा बोळा न घालता, त्यामुळे या विषयात मला कुणी शिकवू नये. आजची पथकं म्हणजे नुसता देखावा. शंभर ढोल एका वेळी पडत होते आणि आवाज काय, तर तेलाचा रिकामा डबा बडवल्यासारखा. ढोलाचं पान ताणतच नाहीत नीट. मेव्हण्याला तसं म्हटलं, तर तो कान झाकून उभा होता. खिडकीच्या काचा मात्र हादरत होत्या. निशाने माझा हात धरून स्वतःच्या बरगड्यांवर ठेवला. तिच्या अंगातून ढोल जात होता. मला तो हाताला कळला.

शनिवार, २२ फेब्रुवारी

समितीच्या लोकांना आधी रेकॉर्डिंग ऐकवावं म्हणून चांगले हेडफोन घ्यायला बुधवार पेठेत गेलो. अरिबाचे वडील हमीदभाई यांचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान तिथे आहे. त्यांची तिसरी पिढी. माझी बरीच जुनी ओळख. मला बघून उठून उभे राहिले.

काउंटरवर एक मोठा स्पीकर आकाशाकडे तोंड करून ठेवला होता आणि त्याच्या पडद्यावर मूठभर तांदूळ टाकलेले. तांदूळ आपोआप उड्या मारत होते, गोल फिरत होते, मध्येच एका रेषेत उभे राहत होते. आवाज काहीच नाही. दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक तोंड वाकडं करून बाहेर गेलं. मी वाकून बघत बसलो. हमीदभाईंना विचारलं, बिनआवाजाचं हे कसं जमवलं? लोहचुंबक आहे का खाली?

मग हात पुढे करून त्यांनी बटण फिरवलं, तांदूळ पडून राहिले, आणि त्यांनी चहा मागवला. हेडफोनचे पैसे घेतले नाहीत. "सलिलसाहेब, आपण अरिबाला काम शिकवलंत," म्हणाले. "तिच्यावर राग ठेवू नका." मी म्हटलं, छे, राग कसला. त्यांचाही आवाज बारीक झाला आहे. वय झालं.

ती युक्ती काय होती, ते सांगायचं राहूनच गेलं त्यांचं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

ठरवलं. प्रात्यक्षिकाच्या गाडीत नळी सातव्यांदा रुंद करून घेतली. कार्यशाळेतला श्याम तयार नव्हता, माझ्या सहीवर केली. चालू करून बघितली त्याने आणि लगेच बंद केली. "साहेब, दात वाजतायत," म्हणाला. मला तर पहिल्यांदाच पूर्ण वाटली. बंद केल्यावरही आवाज तसाच चालू राहिला, इतका तो जागेवर भरला होता.

समितीने तीन वर्षं अर्धीच गाडी ऐकली. आता पूर्ण ऐकतील.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सहाजण होते. दोनदोनच्या जोड्या करून मी स्वतः चालवत नेलं. पुढे एक, मागे एक. जाताना सगळे हसत होते. सत्तरला पोचल्यावर कुणी बोलत नव्हतं, मला वाटलं ऐकताहेत.

पहिल्या फेरीत मागे बसलेल्या बाईंनी गाडी थांबवायला सांगितलं आणि रस्त्याच्या कडेला ओकल्या. दुसऱ्या फेरीत विश्वजीत माझ्या शेजारी होता. तो घामाने भिजला होता आणि सारखा मागे वळून बघत होता. मागे कोण आहे, विचारत होता. मागे आमचे वित्तप्रमुख होते, त्यांनी डोळे मिटून घेतले होते. तिसरी जोडी बसलीच नाही.

मतदान पाच मिनिटांत झालं. सहाच्या सहा. शिक्रा बंद.

खूप वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही, स्वच्छतागृहात जाऊन रडलो. तिथेही ती बाहेर उभी असल्यासारखी वाजत होती. एका गोष्टीचं आश्चर्य वाटलं. गाडीत बसलेल्या चौघांनी छातीवर दाब आल्याची एकच तक्रार केली आणि चौघांनी एकमेकांशी बोलून ठरवलेलं नव्हतं.

विश्वजीतने पुढच्या शुक्रवारपर्यंत बंद करण्याच्या कारणांची टिपणी लिहून मागितली आहे. कंपनीच्या दप्तरात राहण्यासाठी.

मंगळवार, ४ मार्च

निशाने रजा टाकली आणि मला न विचारता कर्वे रस्त्यावर कानाच्या तपासणीला घेऊन गेली. भांडायची ताकद नव्हती.

तपासणारी मुलगी शेफाली नावाची, जेमतेम पंचविशीची. काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक असो. मी मनात म्हटलं, बाई, एकोणतीस वर्षं हेच करतोय. आवाज लगेच आला, स्वच्छ, खालच्या पट्टीतला. मी दाबत गेलो. एकही सोडला नाही. तिने दार उघडलं.

"काका, मी अजून सुरू केलेलं नाही."

मी सॉरी म्हटलं. ती पुन्हा बाहेर गेली. या वेळी ठरवलं, घाई करायची नाही. बटणावर बोट ठेवून तिने सुरू करण्याची वाट बघत बसलो. काचेतून ती दिसत होती, मान खाली घालून काहीतरी लिहीत होती. निशा तिच्या मागे उभी होती. तिने तोंडावर पदर धरला होता. बराच वेळ गेला. मला वाटलं मशीन बिघडलं असावं. मग कुठेतरी वरच्या पट्टीत शिट्टीसारखे आवाज आले, ते मी टिपले.

शेफालीने दार उघडलं आणि सांगितलं, झालं. मी विचारलं, खालचे आवाज कधी लावणार? ती म्हणाली की पहिली बारा मिनिटं तेच चालू होते.

तिने आलेख दाखवला. अरिबाच्या कागदावर जिथे डोंगर होता, तिथेच माझ्या आलेखात खड्डा होता. त्याच मापाचा. मी बोट ठेवून बघितलं. तीन वर्षं मी तो खड्डा बुजवत होतो, आणि त्यात जे जे ओतलं ते सगळं लोकांच्या छातीवर भीती होऊन बसलं. जुनेदची आई, दत्तोबांची बायको. पोरांनी वर्षभर फोटो साठवले आणि अर्ध्या तासात भिऊन पळाली. गाडी चांगली होती. मला अरिबाच्या बदलीच्या कागदावरची माझी सही दिसत होती. कुठेतरी तोंड लपवावंसं वाटलं.

कानात सतत गुणगुण असते का, शेफालीने विचारलं. मी म्हटलं, जानेवारीपासून. पंधरा तारखेपासून, वहीत लिहिलं आहे.

"जानेवारी काय," निशा म्हणाली. "पाच वर्षं झाली. फ्रीज घुमतो म्हणून तुम्ही बदलायला लावलात. मग नवाही घुमतो म्हणून तोही दिलात. मग वरच्या मजल्यावरच्यांशी भांडलात. मग ते प्रोजेक्ट आलं आणि तुमचं ते म्हणणं बंद झालं."

ते प्रोजेक्ट म्हणजे शिक्रा. त्या वेळी तिचं कागदावर चित्रसुद्धा नव्हतं. आवाज कसा हवा, असं त्यांनी मला विचारलं तेव्हा मी डोळे मिटले होते आणि तो मला लगेच ऐकू आला होता. इतका स्पष्ट, की मला वाटलं ही देणगी आहे.

घरी आल्यावर टिपणीला बसलो. विश्वजीतची सगळी कारणं खरी आहेत, ती लिहिली. त्यांच्यावर, पहिल्या क्रमांकाला, माझं नाव घातलं आणि अरिबाचा तीन वर्षांपूर्वीचा आलेख जोडला. मग तिला फोन केला. जे झालं ते सांगितलं आणि माफी मागितली. तिचा आवाज वरच्या पट्टीतला, तो मला नीट ऐकू येतो. मग तिने विचारलं, "सर, आत्ताही चालू आहे का?"

मी म्हटलं, हो.

"कसा आहे?"

खोटं बोलता आलं नाही. अगदी मला हवा होता तसा आहे, असं सांगितलं.